एनडीएच्या फाटकातून आत कोण जातं?

आज जायचंय खडकवासल्याला. आपण आमगावची माणसं, म्हणजे आधी गोंदिया, मग महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि अख्खं राज्य आडवं कापत पुणे. तिथून पुढे, सिंहगडाच्या जवळ, धरणाच्या पाण्याला लागून सुमारे सात हजार एकरांचा परिसर पसरलाय. ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आपली एनडीए.

आपल्याकडे बऱ्याच पोरांना वाटतं की संस्था महाराष्ट्रात आहे, तर महाराष्ट्राच्या पोरांना थोडा तरी कोटा असेल. नाही. एकही जागा नाही. पण त्याच परेड ग्राउंडवर भूतान, मालदीव, ताजिकिस्तानची पोरं आपल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. ती आत आली कशी?

तर दारं दोन आहेत. एक यूपीएससीचं. वर्षातून दोनदा परीक्षा, गणिताला ३००, सामान्य क्षमता चाचणीला ६००. मग पाच दिवसांचं एसएसबी, त्याला ९००. म्हणजे लेखीला जेवढं वजन, तेवढंच मुलाखतीला. वर मेडिकल. दुसरं दार सरकार ते सरकार. मित्रदेश आपला मुलगा निवडतो, दोन सरकारांचं ठरतं आणि तो खडकवासल्याला येतो. तीन वर्षं तीच स्क्वाड्रन, तीच पहाटेची पीटी, तीच जेएनयूची पदवी. शेवटी आपला मुलगा डेहराडून, एळिमला किंवा हवाई दलाच्या अकादमीकडे जातो आणि परदेशी मुलगा आपल्या देशाच्या सैन्यात.

हा फरक नीट लक्षात ठेवा. आपल्या मुलाची जागा त्याच्या मार्कांची असते. परदेशी मुलाची जागा त्याच्या देशाची असते.

आता गंमत. यूपीएससीच्या जाहिरातीत पात्रतेचा पहिलाच मुद्दा वाचलाय कधी? आपण सगळे सरळ वयाच्या अटीवर उडी मारतो. त्यात भारताचा नागरिक आहे, नेपाळची प्रजा आहे, आणि कायमचं राहायला भारतात आलेली भारतीय वंशाची माणसंही आहेत. कुठून आलेली? पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका, केनिया, युगांडा, झैरे... झैरे! या देशाचं नाव १९९७ मध्येच बदललं. जुन्या कोडमध्ये कुणी हात न लावलेली ओळ असते ना, तसं आहे हे. पण ती ओळ म्हणजे इतिहासच आहे. माणसं एका झेंड्याखाली निघाली आणि मध्येच झेंडे बदलले.

याचं सगळ्यात भारी उदाहरण एनडीएच्याही आधीचं आहे. १९३२, डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी. तोवर हिंदी मुलाला अधिकारी व्हायचं तर विलायतेत सँडहर्स्टला जावं लागे, आणि तिथे १९१८ पासून वर्षाला दहा जागा. देशातच अकादमी काढायची तर कशी, हे ठरवायला १९३१ मध्ये जी समिती बसली, तिच्यात आपल्या नागपूरचे डॉ. मुंजे होते. पहिल्या तुकडीत ४० कॅडेट. काही खुल्या परीक्षेतून, काही फौजेतले शिपाई, काही संस्थानांचे. त्या चाळिसात सॅम माणेकशॉ होते, क्वेट्ट्याचे मुहम्मद मुसा होते आणि ब्रह्मदेशचे स्मिथ डन. तिघेही पुढे आपापल्या सैन्याचे प्रमुख झाले. भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश अशी तीन वेगळी सैन्यं!

१९३२ मध्ये यातलं कुणीच ‘परदेशी’ नव्हतं. ब्रह्मदेशसुद्धा १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख होते हेच मुसा. स्मिथ डन यांचं तर आणखी वाईट झालं. ते कारेन समाजाचे, १९४९ मध्ये कारेनांचं बंड उसळलं आणि त्यांना प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. (जाता जाता सांगतो, माणेकशॉंनंतर लष्करप्रमुख झालेले जनरल बेवूर आपल्या बालाघाटपलीकडच्या सिवनीत जन्मले. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात की आठवा.)

खडकवासल्यात तर इमारतीतच परदेश आहे. दुसऱ्या महायुद्धात सुदान वाचवताना भारतीय सैनिक लढले, मेले. त्याची आठवण म्हणून सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीत त्या पैशांचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले. ते लागले एनडीएच्या मुख्य इमारतीला. घुमटवाला जो फोटो सगळ्यांच्या स्टेटसला असतो, तो हाच ‘सुदान ब्लॉक’. उद्घाटन ३० मे १९५९, सुदानच्या राजदूतांच्या हस्ते.

आता २०२१ च्या ऑगस्टमध्ये या. १५ तारखेला काबूल पडलं. तेव्हा आपल्या लष्करी अकादम्यांमध्ये अफगाण कॅडेट शिकत होते. ज्या सैन्यात अधिकारी व्हायचं, ते सैन्यच उरलं नाही. प्रशिक्षण तर पूर्ण झालं, पण जायचं कुठे? पुढच्या वर्षी अशा ८० जणांना भारताने एक वर्षाचा इंग्रजीचा कोर्स देऊ केला, निदान इथे राहता तरी यावं. विचार करा, ड्रिल करून घडवलेला अधिकारी वर्गात बसून बिझनेस इंग्लिश शिकतोय.

आणि त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने हंगामी आदेश दिला की मुलींनाही एनडीएची परीक्षा देऊ द्या. सरकार म्हणालं, तयारीला वेळ हवा, पुढच्या मे महिन्यापासून घेऊ. कोर्टाने ऐकलं नाही. १४ नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. पहिल्या तुकडीत १९ मुली आल्या आणि त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडल्या. तारीख बघितलीत? सुदान ब्लॉकच्या उद्घाटनाचीच. निव्वळ योगायोग, पण मला आवडला.

म्हणजे १९५५ पासून एनडीए खडकवासल्यात आहे. परदेशी मुलगा तिथे शिकू शकत होता, पण फाटकाबाहेरच्या गावातली मुलगी २०२१ पर्यंत फॉर्मसुद्धा भरू शकत नव्हती. हे मला फार खटकतं.

मग आपल्याकडच्या मुलामुलींनी काय करायचं? कोटा नाही, पण शिड्या आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. आपल्यासाठी जवळची चंद्रपूरची, २०१९ पासून. मराठी मुलं एनडीएत कमी दिसतात म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिथे दहावीनंतर दोन वर्षं अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. तिची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच द्यावी लागते. तेव्हा घरात नववीतली बहीण असेल, तर हा भाग आजच तिला पाठवा.