गलबत : नवे की वापरलेले?

आमच्या घाटनांदुरापासून समुद्र इतका दूर, की इथल्या पोरांच्या कानी येणारी शिट्टी आगगाडीचीच. अशा गावात गेल्या दिवाळीत गलबतावरून भांडण झाले, आणि तेही काका-पुतण्यांत. म्हणजे इतिहासाला धरूनच!

पुतण्याने अंगणात मातीचा किल्ला केला होता. त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या परातीत सोडायला मी सागवानाचे गलबत केले. मराठवाड्याच्या माणसाला घरचे म्हणावे असे एकच गलबत ठाऊक : अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले, तीन डोलकाठ्यांचे, नाळेवर डोळा रंगवलेले. दोन महिने तासले, घासले, रोगण दिले. वसुबारसेच्या सकाळी पाहतो तो चिरंजिवांनी त्याला काजळी फासलेली आणि गेरूने गंजाचे ओघळ काढलेले! मी नको ते बोलून गेलो. पोर रडले नाही, एवढेच म्हणाले, “काका, गलबत समुद्रावर गेलं होतं ना? मग मळणार नाही? पुस्तकातल्या चित्रात तरी ते कुठं चकाकतंय?” आणि पाडव्यापर्यंत माझ्याशी बोलले नाही.

त्या अबोल्यात मी पुस्तके काढून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती चित्राची. ते सुमारे पाचव्या शतकातले. त्यावरचा काळवंडलेला रंग गलबताचा नव्हे, भिंतीचा आहे. 1920 नंतर निजाम सरकारने चित्रे राखण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळट पडले. भिंतीचे म्हातारपण गलबताच्या माथी मारणे हा इतिहास नव्हे.

दुसरी गोष्ट गंजाची. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी फळ्या काथ्याने शिवून, फटींत राळ भरून गलबते बांधीत. तशाच रीतीने अजिंठ्याच्या त्या चित्रावरून गोव्यात एक खरे जहाज बांधले गेले, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आले. फळ्यांना खिळा म्हणून नाही. खिळाच नाही तर गंजाचा ओघळ कोठून येणार? गेरू वाया गेला.

तिसरी गोष्ट मापाची. ‘कौंडिण्य’ची लांबी साडेएकोणीस मीटरांच्या वर. पन्नासाव्या हिश्शाने केले तर हातभर गलबत होते. त्यावर बोटभर रुंदीचा डाग काढला, तर खऱ्या जहाजावर तो जवळजवळ मीटरभर पसरेल. असा डाग पडू देणाऱ्या तांडेलाला मालकाने ठेवले असते का?

इथवर मी जिंकत आलो होतो. पण मग माझे चकचकीत गलबत तरी खरे कसे? सतराव्या शतकात इंग्रजांच्या आरमारासाठी केलेल्या प्रतिकृतींत पुष्कळदा लाकूड उघडे ठेवीत, खालच्या फळ्याही बसवीत नसत. कारण बांधणी दिसायला हवी. तिथे नवेपणाला अर्थ होता. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरले. अशा जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत. ते त्या दिवशी अभ्यंगाच्या घासलेल्या तांब्यासारखे लखलखत असतील. पण घरातला तांब्याही आठ दिवसांत काळवंडतो, तिथे खाऱ्या पाण्याची काय कथा!

म्हणजे प्रश्न नवे की जुने हा नाहीच. गलबताच्या आयुष्यातला कोणता दिवस दाखवायचा, हा आहे. जलावतरणाचा दिवस घ्या, तर डाग नको. सफरीचा घ्या, तर उन्हाने विटलेली फळी, नांगराचा दोर घासून गुळगुळीत झालेली कड, पाण्याच्या रेषेवर शेवाळ, वाळलेल्या मिठाची पांढुरकी झाक, एवढे हवे. आणि तेही जिथल्या तिथे. माझ्या गलबताला असा दिवसच नव्हता. ते नुसते कपाटात शोभले असते.

29 डिसेंबर 2025 रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून मस्कतला निघाले आणि संक्रांतीच्या दिवशी, 14 जानेवारीला, पोचले. ती बातमी पुतण्यानेच मला वाचून दाखवली. मी म्हटले, “चुकलो रे.” तो म्हणाला, “काका, गंज माझाही चुकलाच.”

यंदा परातीत दोन गलबते आहेत : एक निघताना, एक पोचल्यावर. दुसऱ्याला मिठाचे पाणी त्याने लावले. मी फक्त वाटी धरली.