१३ मार्च १९६२चे तारे

‘स्पेसवॉर’ या संगणकीय खेळाच्या ३.१ आवृत्तीचा छापील उतारा आज अभ्यासकांसमोर आहे. त्यावरची तारीख २४ सप्टेंबर १९६२. मात्र त्यातच जोडलेला ताऱ्यांचा भाग वेगळी तारीख सांगतो : १३ मार्च १९६२. सोबत पी. आर. एस. ही तीन आद्याक्षरे आणि हे तारे ‘२बी’ आवृत्तीसाठी केल्याची नोंद. आद्याक्षरे पीटर सॅमसन यांची. म्हणजे सप्टेंबरच्या प्रतीत मार्चचे आकाश जुन्या चिठ्ठीसकट राहिले. एवढे निश्चित.

खेळ एमआयटीत, पीडीपी-१ या यंत्रावर घडला. मुख्य लेखन स्टीव्ह रसेल यांचे. मध्यभागीच्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌स यांचे. त्याभोवती दोन याने एकमेकांवर मारा करत फिरतात, आणि मागे सॅमसन यांचे खरे नभोमंडल हळूहळू सरकते.

उतारा हा पहिला साक्षीदार. दुसरा मार्टिन ग्रेट्झ. या खेळाच्या जन्माची हकीगत त्यांनी १९८१मध्ये ‘क्रिएटिव्ह कम्प्युटिंग’ मासिकात लिहिली. ते स्वतः त्या मंडळीतले, त्यामुळे साक्ष मोलाची. पण ती १९ वर्षांनंतरची. ते म्हणतात, तेजस्वी ताऱ्याचा ठिपका सॅमसन जास्त वेळा उमटवत. उतारा तसे म्हणत नाही. तिथे ताऱ्यांचे चार गट आहेत आणि त्यांना ३, २, १, ० असे अंक दिले आहेत. हे अंक ठिपका उमटवण्याच्या आज्ञेतच मिसळतात आणि पडद्याला तेज किती हवे ते सांगतात. इथे मी उताऱ्याच्या बाजूने कौल देतो, कारण यंत्राने पाळली ती आज्ञा हीच. तरी ग्रेट्झ चुकले असे म्हणवत नाही. सॅमसन यांनी आधी ठिपके मोजून पाहिले असतील आणि नंतर सोपी वाट सापडली असेल. हा मात्र माझा तर्क.

उतारा आणि आठवण वेगळे बोलतात अशी दुसरी जागा ज्या-कोज्या काढणाऱ्या उपप्रोग्रॅमची. तो हाताशी नाही, या सबबीवर रसेल काम लांबवत होते. शेवटी ॲलन कोटोक यांनी डिजिटल इक्विपमेंट या यंत्र बनवणाऱ्या कंपनीतून तो आणून त्यांच्यापुढे ठेवला, अशी आठवण सांगतात. उताऱ्यात त्या उपप्रोग्रॅमवर नाव आहे ‘ॲडम्स असोसिएट्स’चे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात : लिहिणारे एक, आणणारा दुसरा. उताऱ्यात लिहिणाऱ्याचे नाव उरले. आणणाऱ्याचे उरले ते आठवणीत.

आता एक अशी गोष्ट, जी उताऱ्यात ओळ न् ओळ तपासली तरी हाती लागत नाही. चालत्या यानामागे फिकट रेघ दिसते. ती काढणारी आज्ञा उताऱ्यात कुठेही नाही. उत्तर कागदाबाहेर आहे.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू इथल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये स्वयंसेवकांनी एक पीडीपी-१ दुरुस्त केले. १५ मे २००६ रोजी त्याचा जाहीर सोहळा झाला. दुरुस्ती करणाऱ्यांत सॅमसन स्वतः होते. त्या यंत्राच्या गोल पडद्याला रडारसाठी वापरतात तसा फॉस्फरचा लेप आहे : ठिपका निळा चमकतो आणि विझताना मागे पिवळट हिरवी झाक रेंगाळते. यानामागची रेघ ती हीच. खेळाच्या कर्त्यांना ती लिहावीच लागली नाही.

हे कळल्यावर उताऱ्यातली एक लहानशी टीपही वेगळी वाचली जाते : मुख्य फेरीतला उरलेला वेळ संपवा. प्रोग्रॅम प्रत्येक कामाला किती वेळ जाईल याचा अंदाज धरतो आणि उरलेला वेळ नुसता मोजत घालवतो, म्हणजे पडद्यावर गर्दी असो वा नसो, खेळाची गती सारखी राहते. स्मृतीचे एक आवर्तन पाच मायक्रोसेकंदांचे, हे त्यात गृहीतच आहे. अंक कागदावर आहेत. त्यांचे सेकंद होतात ते यंत्रात.

म्हणून जुन्या यंत्रावर जुना खेळ खेळणे ही मला केवळ हौस वाटत नाही. ते यंत्र हा तिसरा साक्षीदार, आणि हे त्याला तपासणे आहे. पण त्याचीही मर्यादा आहे. ३, २, १, ० या अंकांचे तारे कसे दिसतात ते तो दाखवतो. १३ मार्चपूर्वी सॅमसन यांनी ठिपके मोजले होते का, यावर तो गप्प राहतो.