कस: सोन्याचा आणि वरकसाचा

भोरच्या पेठेत सोनार काळ्या गुळगुळीत दगडावर अंगठीची कड ओढतो, पिवळी रेघ उठते आणि त्या रेघेवरून कस ठरतो. तिथून वेल्ह्याच्या वाटेला लागावं, तोरण्याच्या उतारावर एखाद्या म्हाताऱ्याला जमिनीबद्दल विचारावं, तर वरकसाकडे, म्हणजे चढावरच्या हलक्या जमिनीकडे, हात करून तो म्हणतो, "हिच्यात कस न्हाई, नाचणी-वरीपुरती." सोन्याला आणि मातीला एकच शब्द. मी याला योगायोगच समजत होतो. मग मातीचे नकाशे करणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सापडला: 'नगेट', म्हणजे सोन्याचा खडा. मातीच्या नकाशात सोनं आलं कुठून?

आधी आपल्या शब्दाची कुळी पाहू. एक पक्ष म्हणतो, जमिनीचा कस 'कृष्' धातूचा, नांगराच्या घरचा. पालीत 'कसति' म्हणजे नांगरतो. आपल्याकडे जमीन कसतात, 'कसेल त्याची जमीन' म्हणतात. दुसरा पक्ष 'कष्' म्हणजे घासणे या धातूचा. संस्कृतात 'कष' आणि 'निकष' म्हणजे सोनं घासायचा दगड; 'कषपट्टिका'ची कसोटी झाली, आणि 'बावनकशी' तर उघडच सोनारकीतलं.

मी दुसऱ्या पक्षाचा. 'कसणे' नांगराचं असेल, ते मला मान्य. पण 'कस' वागतो कसा ते बघा. तो 'लागतो', 'उतरतो', कुणाचा तरी 'पाहिला' जातो. दूध कसदार असतं, लेखनही कसदार असतं. तिथं नांगर कुठे फिरला? यावर पहिला पक्ष म्हणेल की शेतातला कस चाऱ्यातून दुधात गेला आणि पुढे कागदावर. युक्तिवाद बरा आहे. पण मग 'निकष' आणि 'निकस' यांची गंमत पाहा. एक पारखायचा दगड, दुसरं पारखल्यावर टाकून दिलेलं. दगडावरच्या रेघेचं नाव जिनसातल्या सत्त्वाला मिळालं, हा माझा तर्क. 'वरकस'ही मी 'वरीपुरता कस' असाच फोडतो. 'वरची जमीन' म्हणणाऱ्यांशी भांडायची माझी तयारी आहे.

हा हट्ट कशासाठी? कसोटी म्हणजे नेमकं काय, तर एक कोपरा घासून सगळ्या दागिन्याबद्दल बोलणं. मातीची पारखही हेच करत आली आहे.

1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्याच इंदापुरात जमिनीची नवी मोजणी आणि प्रतबंदी सुरू केली. पुढे 1847 च्या अहवालात तिचे नियम पक्के झाले. प्रतबंदीवाला शेताचे मनातल्या मनात चौकोन पाडी, प्रत्येकात खणून मातीची खोली हातांत मोजी, पोत आणि रंग पाही. चुनखड, रेती, उतार असे दोष निघाले की प्रत खाली जाई. पहिली प्रत सोळा आण्यांची, नववी दोन आण्यांची. शेवटी सगळ्या चौकोनांची सरासरी. जमिनीचा कस रुपयाच्या भाषेत लिहिला गेला.

पुढचा धागा थेट आफ्रिकेत निघतो. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणींत मोजक्या नमुन्यांवरून न खणलेल्या भागात सोनं किती, हा खाण-अभियंते डॅनी क्रीग यांचा प्रश्न होता. 1951 च्या प्रबंधात त्यांनी दाखवलं की जास्त सोनं निघालेल्या नमुन्यांवर डोळे मिटून भिस्त ठेवली तर अंदाज फुगतो. फ्रान्समधल्या जॉर्ज मातरों यांनी त्याला गणिताची बैठक देऊन क्रीग यांचंच नाव दिलं: 'क्रीगिंग'. 1980 मध्ये बर्जेस आणि वेबस्टर यांनी ते मातीला लावलं. इथं सगळ्या चौकोनांना सारखा मान नाही. जवळच्या नमुन्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. शिवाय अंदाज कुठे कच्चा आहे हेही गणित सांगतं. हवामानशास्त्रवाले म्हणतील की रशियात गांदिन यांनी हेच पावसा-वाऱ्यासाठी स्वतंत्रपणे केलं. केलंच. पण मातीवाल्यांच्या तोंडी बसला तो खाणीतलाच शब्द.

वेल्ह्यात याची गरज पडते. 2015 मध्ये आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या नियमाने कोरडवाहू भागात 10 हेक्टरांना एक नमुना. इंदापूरच्या सपाटीवर 10 हेक्टर एकसारखे निघतीलही. इथं तेवढ्यात खाली भाताचं खाचर, मधे बांध, वर मुरूम उघडा पडलेलं वरकस. नुसतं अंतर धरून मधली जागा भरली, तर खाचराची खोल माती कागदावर डोंगर चढते. म्हणून उपग्रहावरून मिळालेली उंची आणि उतार, पाऊस, खालचा खडक हे सगळं हिशेबात घ्यावं लागतं.

त्या म्हाताऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं होतं: "वरची माती खाली खाचरात गेली, मग वर काय ऱ्हानार?" बोलता बोलता त्याने वाकून दोन मुठी उचलल्या, एकमेकींपासून जेमतेम पावलावर. एक तांबूस, भुसभुशीत; दुसरीत निम्मे खडे.

दोन नमुने कितीही जवळून घेतले तरी उरणारा हा जो फरक, त्यालाच क्रीगिंगवाले 'नगेट' म्हणतात. खाणीत एका नमुन्यात सोन्याचा खडा यायचा आणि शेजारचा कोरडा निघायचा, त्यावरून पडलेलं हे नाव. म्हाताऱ्याने दोन्ही मुठी वरकसावरच झटकल्या.