शब्दकोडे : जुगार आणि शिकवण

आडव्या-उभ्या शब्दांचे हे कोडे मूळचे आपले नव्हे. आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले. पुढे आपल्याकडे त्याला बक्षिसांची लालूच चिकटली. एका सूचनेला दोन-तीन शब्द सारखेच बसायचे. खरा कोणता, ते संयोजकाच्या मोहोरबंद पाकिटात! मग ज्ञान कसलं, नशीबच की! अखेर १९५५च्या कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर १,००० रुपयांची आणि प्रवेशिकांवर २,०००ची मर्यादा घातली. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भेद स्पष्ट केला : नशिबावर चालते ती स्पर्धा जुगार, कौशल्यावर चालते ती नव्हे.

गुरुजी, कौशल्याचे कोडे फळ्यावर फुकट होते. आमचा ‘माजिवडा’च घ्या. मा, जि, व, डा अशी चार घरे. काना-वेलांटी अक्षराबरोबर त्याच घरात. ‘मा’खाली ‘ती’ येईल, ‘व’खाली ‘ड’. सूचना मुलांनी करायच्या : ‘नांगराने उलटते ती’, ‘पारंब्यांचे झाड’. दुसरे उत्तर बसताच कामा नये. बसलं, तर चूक कोडे रचणाऱ्याची. बक्षीसवाल्यांनी नेमकी हीच जबाबदारी टाळली होती.