‘विथ’ या शब्दाला लागलेली पन्नास वर्षे

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ हा २०१६ चा सिनेमा मी थिएटरात पाहिला नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आलेल्या पुतण्याने तो घरी लावला. सिनेमाबद्दल त्याचे मत वाईट होते आणि ते तो दर पाच मिनिटांनी बोलून दाखवत होता. श्रेयनामावलीत बॅटमॅनच्या निर्मात्यांची ओळ आली तेव्हा मी त्याला चित्र थांबवायला सांगितले. ‘बॅटमॅन क्रिएटेड बाय बॉब केन विथ बिल फिंगर.’ पुतण्या म्हणाला, “काका, सुपरमॅनला सीगल ‘अँड’ शुस्टर आहे, मग इथे ‘विथ’ का?” मी त्याला म्हटले, ‘अँड’चे सोड, हे ‘विथ’ यायलाच पन्नास वर्षे लागली आहेत आणि ती ओळ मुळात चाहत्यांच्या खटपटीची आहे. त्याला ते पटले नाही. चाहते म्हणजे आरडाओरडा करणारे लोक, असे त्याचे मत. तो स्वतः त्यांतलाच एक असल्यामुळे त्याला खोडून काढणे सोपे नव्हते.

मी चाहता झालो तो वेताळाचा. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आम्ही रद्दीच्या दुकानातून आणायचो. वेताळ कोण लिहितो हा प्रश्न आम्हा मुलांना कधी पडला नाही. ली फॉक हे नाव मला कळले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. बॅटमॅनकडे मी त्याहून उशिरा वळलो, तेही गोष्टींपेक्षा त्यांच्यामागच्या माणसांच्या ओढीने. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. जुने अंक, पुनर्मुद्रणे आणि मुलाखती जमवत जे हाती लागले, त्यावर हा लेख आहे.

पुतण्याचे म्हणणे आधी ऐकून घेऊ, कारण त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. १९८८ च्या सप्टेंबरात डीसी कॉमिक्सने वाचकांसमोर दोन दूरध्वनी क्रमांक ठेवले. बॅटमॅनचा तेव्हाचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, स्फोटात सापडला होता. तो जगावा असे वाटत असेल तर एक क्रमांक फिरवायचा, मरावा असे वाटत असेल तर दुसरा. एका फोनला पन्नास सेंट आणि मुदत छत्तीस तासांची. मते पडली १०,६१४. मरावा म्हणणारी ५,३४३, जगावा म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी एक पोरगा मेला. एका माणसाला हवे तितके फोन करता येत होते, त्यामुळे हा कौल वाचकांचा की ज्यांच्या खिशात पन्नास-पन्नास सेंट होते त्यांचा, हे सांगणे कठीण आहे.

त्याच वर्षी टिम बर्टनच्या सिनेमात बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटनची निवड जाहीर झाली. कीटन तोवर विनोदी नट म्हणून ओळखला जाई. १९६६ च्या दूरदर्शन मालिकेने बॅटमॅनचा पोरखेळ केला, आता पुन्हा तेच होणार, या धास्तीने चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची पत्रे धाडली. पन्नास हजार हा आकडा सगळीकडे छापला जातो. तो मोजून काढलेला आहे की अंदाजाने, देव जाणे, पण गदारोळाची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’पर्यंत पोचली हे खरे. जून १९८९ मध्ये सिनेमा आला आणि तुफान चालला. पत्रे लिहिणाऱ्यांतले बरेचजण आज कीटनलाच खरा बॅटमॅन मानतात. चाहत्यांचे मत चुकते, आणि चुकते तेव्हा मोठ्या आवाजात चुकते, हे मला मान्य आहे.

पण तो सगळा गदारोळ मुखवट्याआड कुणाचा चेहरा असावा याबद्दल होता. त्याच सिनेमात निर्माता म्हणून एकट्या बॉब केनचे नाव झळकले. ते नाव अपुरे आहे हे चाहत्यांपैकीच काहींना तेव्हा चोवीस वर्षे ठाऊक होते.

हे त्यांना कसे कळले, ते पत्रव्यवहाराच्या सदरापासून सांगावे लागेल. जूलियस श्वार्ट्झ हा डीसीचा संपादक स्वतः तरुणपणी विज्ञानकथांचा चाहता होता. १९३२ मध्ये त्याने मित्रांबरोबर ‘द टाइम ट्रॅव्हलर’ नावाचे चाहत्यांचे पत्रकही काढले होते. त्या काळच्या विज्ञानकथा मासिकांत पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापत आणि त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागत. श्वार्ट्झने १९६० च्या सुमारास हीच पद्धत आपल्या कॉमिक्सच्या पत्रस्तंभात आणली. गोष्ट क्षुल्लक वाटते. पण तोवर कॉमिक्स वाचणारा प्रत्येकजण एकटा होता. दहा सेंटांचे पुस्तक घ्यायचे, वाचायचे आणि आई रद्दीत घालीपर्यंत जपायचे. आता दुसऱ्या गावातल्या वेड्याचा घरक्रमांक छापून येऊ लागला.

जेरी बेल्स हा डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकवणारा प्राध्यापक. लहानपणी वाचलेल्या ‘ऑल-स्टार कॉमिक्स’चे सगळे अंक मिळवायचे, या ध्यासापायी तो गार्डनर फॉक्स या लेखकाला पत्रे लिहीत असे. मिझुरीतल्या रॉय टॉमस या तरुणानेही फॉक्सला लिहिले, आणि फॉक्सने त्याला बेल्सकडे पाठवले. १९६१ च्या मार्चमध्ये या दोघांचे ‘आल्टर-इगो’ निघाले. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलचे चुलत भावंड म्हणावे अशा यंत्रावर, जांभळट शाईत काढलेली ती पाने होती. टॉमस पुढे मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. बेल्स प्राध्यापकच राहिला आणि याद्या करत बसला.

याद्या कसल्या, तर कोणती गोष्ट कुणी लिहिली आणि कुणी काढली याच्या. आज सिनेमा संपल्यावर चहा देणाऱ्याचेही नाव येते. पण त्या काळी बहुतेक गोष्टींवर लेखकाचे नाव नसे आणि चित्रकाराचे असले तरी ते खरे असेलच असे नसे. बॅटमॅनच्या प्रत्येक गोष्टीवर बॉब केनची सही असायची, चित्रे भलत्याच कुणी काढलेली असली तरी. बेल्स आणि त्याच्यासारखे इतर लोक रेषेच्या वळणावरून, हातांच्या ठेवणीवरून चित्रकार ओळखत आणि मग पत्र पाठवून त्याच माणसाला विचारत. १९७३ पासून बेल्सने हेम्स वेअरबरोबर कॉमिक्सच्या धंद्यातल्या माणसांचा चार खंडांचा नामकोश काढला. मतांच्या गदारोळात हे काम कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मला मात्र चाहतेपणाचा तोच खरा ऐवज वाटतो.

या शोधात त्याला बिल फिंगर सापडला.

१९३९ च्या आरंभी केनने काढलेल्या बॅटमॅनच्या अंगात लाल पोशाख होता, डोळ्यांवर छोटीशी पट्टी होती आणि पाठीला ताठ पंख होते. फिंगर तेव्हा बूट विकत असे आणि फावल्या वेळात केनसाठी गोष्टी लिहीत असे. त्याने शब्दकोशातले वटवाघळाचे चित्र काढून केनपुढे ठेवले आणि त्याचे कान पाहायला सांगितले. पंखांऐवजी झुलता अंगरखा, डोके झाकणारा टोकदार कानांचा मुखवटा, हातमोजे, लालऐवजी काळा-करडा रंग, हे सगळे फिंगरने सुचवले. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकातली पहिली गोष्ट त्याची. ब्रूस वेन हे नाव त्याचे, गॉथम सिटीही त्याचीच. आज बॅटमॅन म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते, त्यातून फिंगरचे काढून घेतले तर लाल कपड्यातला एक माणूस उरेल. पण कंपनीशी करार करताना केनने एकट्याचे नाव घातले. फिंगर तिथे नव्हता.

१९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला भरलेल्या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात फिंगर येऊन बसला. बेल्सने त्याच्याशी बोलून त्याच सप्टेंबरात दोन पानी लेख लिहिला आणि चाहत्यांच्या वर्तुळात वाटला. बॅटमॅनच्या घडणीत फिंगरचा वाटा किती, हे त्यात पहिल्यांदा सविस्तर आले. वाचणारे होते फार थोडे. केनला मात्र तो झोंबला. ‘बॅटमेनिया’ या चाहत्यांच्या नियतकालिकाकडे त्याने त्याच महिन्यात लांबलचक उघडे पत्र पाठवले. बॅटमॅन माझा एकट्याचा आहे आणि फिंगरचे म्हणणे खोटे आहे, असा त्याचा सूर होता. ते पत्र छापून आले १९६७ मध्ये. कोट्यवधींना ठाऊक असलेल्या माणसाला मूठभर वाचकांच्या कागदाला उत्तर द्यावेसे वाटले, यातच काय ते आले. केनचे नाव कंपनीच्या करारावर उभे होते आणि त्या कराराविरुद्ध जी दोन पाने उभी राहिली, ती एका चाहत्याची होती.

इथे एक गोष्ट फिंगरच्या विरुद्धही नोंदवली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. ती पहिली गोष्ट ‘द शॅडो’ या नायकावरील एका कथेवरून उचललेली होती. शॅडोवर आपण बेतल्याचे फिंगर स्वतःच मान्य करत असे. नेमकी कथा शोधून काढली ती शॅडोच्या चाहत्यांनी. ती १९३६ ची असून थिओडोर टिन्सलीची आहे. चाहत्यांच्या वह्या अशा दोन्ही बाजूंनी लिहिल्या जातात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

१९६६ च्या मालिकेतल्या एका दोन भागी कथेवर चार्ल्स सिंक्लेअरच्या जोडीने फिंगरचे लेखक म्हणून नाव आले. ‘क्लॉक किंग’ हा त्यातला खलनायक. जिवंतपणी बॅटमॅनच्या पडद्यावर त्याला मिळालेले श्रेय एवढेच. १९७४ च्या जानेवारीत तो मॅनहॅटनमधल्या आपल्या घरात मरण पावला.

दुसऱ्याच वर्षी सुपरमॅनच्या निर्मात्यांची कहाणी वेगळ्या वळणाला लागली. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला होता. मोठा सिनेमा निघणार अशी बातमी आल्यावर सीगलने वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आवाज उठवला आणि कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर व निर्माते म्हणून नाव देऊ केले. १९७८ च्या सिनेमात ती नावे आली. सीगल आणि शुस्टर जिवंत होते आणि कॅमेऱ्यासमोर बसू शकत होते. फिंगरला ते भाग्य नव्हते.

केनने १९८९ च्या आत्मचरित्रात फिंगरचे ऋण मान्य केले आणि त्याचे नाव द्यायला हवे होते अशी खंतही व्यक्त केली. सिनेमाने केन तेव्हा पुन्हा प्रसिद्धीच्या झोतात आला होता. करार बदलण्यासाठी मात्र त्याने बोट हलवले नाही. खंत स्वस्त असते, असे मी म्हटले तर पुतण्या मला कडवट म्हणतो. केन १९९८ मध्ये गेला.

मग मार्क टायलर नोबलमन हा मुलांसाठी लिहिणारा लेखक फिंगरच्या मागे लागला. फिंगरला वारस उरलेला नाही, असाच सर्वांचा समज होता. एकुलता मुलगा फ्रेड १९९२ मध्ये वारला होता. नोबलमनने फोन करकरून फ्रेडची मुलगी अथीना हिला शोधले. आजोबा गेल्यावर दोन वर्षांनी जन्मलेली ही नात. नोबलमनचे पुस्तक २०१२ मध्ये आले. बॅटमॅनच्या पंचाहत्तरीच्या वर्षी, २०१४ मध्ये, चाहते मेळाव्यांत फिंगरचे नाव जाहीरपणे विचारू लागले. २०१५ च्या सप्टेंबरात कंपनीने कुटुंबाशी समझोता झाल्याचे सांगितले. बेल्सच्या दोन पानांना त्या महिन्यात बरोबर पन्नास वर्षे झाली होती. बेल्स स्वतः २००६ मध्येच गेला होता, अखेरपर्यंत नामकोशात भर घालत.

‘अँड’ का नाही, हा पुतण्याचा प्रश्न राहतोच. माझे मत असे की, केनचा जुना करार शाबूत ठेवून जेवढे देता आले तेवढेच या शब्दात दिले गेले. ‘अँड’ म्हणजे वाटणी झाली असती, ‘विथ’ म्हणजे सोबत. पुतण्या यावर म्हणाला की मग अजून पत्रे लिहायला हवीत. मी म्हटले, लिही, पण कीटनसारखी नकोत.

फिंगरला थडगे नाही. तो बेवारशी दफनभूमीत पुरला गेला असे कित्येक वर्षे छापून येत असे. तेही नोबलमनने तपासले आणि ते खोटे निघाले. फ्रेडने वडिलांची रक्षा ओरेगनच्या किनाऱ्यावर नेली आणि वाळूत तिचे वटवाघूळ काढले, मग भरतीच्या लाटेने ते पुसले. ब्राँक्समध्ये, ज्या पो पार्कच्या बाकांवर बसून केन आणि फिंगर गोष्टी जुळवत, त्याच्या जवळच्या कोपऱ्याला डिसेंबर २०१७ मध्ये ‘बिल फिंगर वे’ असे नाव दिले गेले. त्या पाटीचे छायाचित्र पुतण्याने मला पाठवले. खाली लिहिले होते, “काका, इथे ‘विथ’ नाही.”