काला, पाळी व भिशी : सोलापूर प्रांतांतील वर्गणीच्या भोजनांचा विचार

(१)

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधणाऱ्या मंडळींचें लक्ष आजवर मुख्यतः दरबार, दफ्तर व देवघर या तीन ठिकाणीं गेलें. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ पासून बावीस खंडांत जी पत्रसंपत्ति उजेडांत आणली, तिच्यामुळें सनदा, महजर व निवाडे यांचें मोल घरोघर कळूं लागलें. परंतु ज्या वहीत शिध्याचा हिशेब, जेवणाऱ्यांचीं नांवें व यजमानपदाची पाळी लिहिलेली असते, ती वही अजूनहि रद्दीच्या भावानें जाते. या लेखांत त्या वहीची बाजू मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाची मर्यादा ठरवूं. ज्या भोजनाचा सर्व भार एक यजमान सोशीत नाहीं, तर जेवणारेच आपापल्या घरून कांहीं आणून, किंवा आळीपाळीनें यजमानपद घेऊन, किंवा ठराविक वांटा भरून तें सिद्ध करितात, त्यास आम्ही येथें वर्गणीचें भोजन म्हणतों. अन्नछत्र व ब्राह्मणभोजन हीं अर्थातच या व्याख्येंत बसत नाहींत. सोलापुरासंबंधीं लिहितांना दासोहाचाहि येथेंच निराळा निर्देश केला पाहिजे. बाराव्या शतकांत सोन्नलगी म्हणजे आजच्या सोलापुरीं सिद्धरामेश्वर होऊन गेले. त्यांच्या व बसवेश्वरांच्या परंपरेंत स्वकष्टाचें फळ जंगमास व समाजास अर्पण करणें याला दासोह म्हणतात. भावना थोर खरी, परंतु तें अर्पण आहे. वर्गणींतला वांटा नव्हे. देणारा व घेणारा हे तेथें दोन असतात. वर्गणीच्या भोजनांत देणारा तोच घेणारा असतो, आणि म्हणूनच कोणीं कोणाशेजारीं बसावें हा प्रश्न तेथें तीव्र होतो.

या प्रांतांत अशा भोजनाचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात: काला, पाळी आणि भिशी.

(२)

पैकीं काला सर्वांत जुना. गोकुळांतील सवंगड्यांनीं आपापल्या शिदोऱ्या एकत्र सोडल्या व कृष्णासह वांटून खाल्ल्या, ही भागवताच्या दशमस्कंधांतील कथा त्याचें मूळ होय. नामदेव, एकनाथ व तुकाराम यांच्या गाथांत काल्याचे स्वतंत्र अभंग आहेत. सप्ताहाची समाप्ति काल्याच्या कीर्तनानेंच होते. आषाढी एकादशीनंतर पौर्णिमेस दिंड्या पंढरपुराजवळ गोपाळपुरास जमतात आणि तेथें गोपाळकाला होऊन वारीची सांगता होते. लाह्या, पोहे, दहीं, लोणचें असे साधे जिन्नस एकत्र कालवितात व वारकरी एकमेकांच्या मुखीं घालितात.

यांतील युक्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. एकदां पदार्थ कालवले कीं कोणाचे पोहे व कोणाचें दहीं हें उरतच नाहीं. ज्या समाजांत अन्न कोणाच्या हातचें हा प्रश्न पहिला, त्या समाजांत उत्तर देणेंच अशक्य करून टाकणारा हा विधि आहे. पण तो विधि आहे, नित्याचा व्यवहार नव्हे, हें विसरतां कामा नये. त्याचें क्षेत्र एका दिवसापुरतें व एका स्थळापुरतें राहिलें.

याचा दाखला याच जिल्ह्यांतील मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याच्या चरित्रांत मिळतो. महिपतीनें भक्तविजयांत (शके १६८४, इ. स. १७६२) जी कथा दिली आहे, तींत प्रत्यक्ष विठ्ठल चोख्याबरोबर जेवावयास बसतो. वाढतांना चोख्याच्या पत्नीच्या हातून दहीं सांडतें. पुढें देवाच्या वस्त्रावर तेंच दहीं दिसतें आणि देव कोणाच्या पंक्तीस बसला हें उघड होतें. कथा ऐतिहासिक मानण्याचें कारण नाहीं. परंतु अठराव्या शतकांतील कथाकारास सहभोजन सिद्ध करण्यासाठीं पुरावा दाखवावा लागला, ही गोष्ट ऐतिहासिकच आहे. चोखामेळ्याचें निधन शके १२६० (इ. स. १३३८) मधलें मानितात. त्याच्या समाजास विठ्ठलमंदिराचें द्वार उघडावें यासाठीं साने गुरुजींना पंढरपुरीं १ मे ते १० मे १९४७ असें उपोषण करावें लागलें. ज्या क्षेत्रांत काला पिढ्यान् पिढ्या चालला, त्याच क्षेत्रांत द्वार सहाशें वर्षें बंद राहिलें. तेव्हां एकत्र कालवलेल्या अन्नावरून एकत्र बसणाऱ्या समाजाचें अनुमान काढणें धोक्याचें आहे.

(३)

दुसरा प्रकार पाळीचा. गांवांत अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे सात दिवसांच्या पंगती घरोघर वांटून घेण्याची चाल आहे. कोठें एक घर एक दिवस उचलतें, कोठें भाकरी प्रत्येक घरून येतात व आमटी मात्र एकाच कढईंत शिजते. पालखीच्या वाटेवर हीच रीति मोठ्या प्रमाणावर दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यांत शिरते; नातेपुतें, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव असे मुक्काम करीत ती वाखरीस येते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूज, बोरगांव व पिराची कुरोली या बाजूनें त्याच वाखरीस मिळते. या वाटेवरील गांवें दिंड्यांना जेवण घालतात. एका घरीं भाकऱ्यांची चळत, दुसऱ्या घरीं पिठलें, तिसऱ्या घरीं ठेचा असें अन्न जमून पंगत उठते. अमुक दिंडीचें दुपारचें जेवण अमुक वाडीकडे, हा संबंध कित्येक ठिकाणीं बापाकडून मुलाकडे वारशानें येतो.

सीमेकडील तालुक्यांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळा अमावास्या, बोलींत येळवस, पाळतात. त्या दिवशीं घरचें सगळें अन्न शेतावर नेतात. नाना भाज्या व डाळी-दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे असा तो बेत असतो. कडब्याच्या कोपींत पूजा होते व ज्यांना शेत नाहीं अशा शेजाऱ्यांना, स्नेह्यांना, वाटसरूंनाहि बोलावून जेवूं घालतात. एकाच दिवशीं सर्वांचींच शेतें यजमान होतात, म्हणून पाहुणा या बांधावरून त्या बांधावर जातो. पुढें हुरड्याच्या दिवसांत मात्र यजमानपद फिरतें. ज्याची ज्वारी आधीं भरली त्याच्या आगटीभोंवतीं मंडळी आधीं बसतात.

पाळीच्या भोजनाचा कणा परतफेड हा आहे. आज तुझ्या शेतावर, उद्यां माझ्या. यंदां तुझी पंगत, पुढील सालीं माझी. ती परतफेड तोंडींहि चालते, परंतु घरें वाढलीं कीं यादी करावी लागते. यादी झाली कीं कोणतीं घरें तींत आहेत व कोणतीं नाहींत, हेंहि आपोआप लिहिलें जातें. शोधकाचें काम येथून सुरू होतें.

(४)

तिसरा प्रकार भिशी. या शब्दाचे दोन अर्थ आज मराठींत चालतात. ठराविक रक्कम दरमहा जमवून ती पाळीनें अगर चिठ्ठी टाकून एकेका सभासदास देणें हा एक. आणि खर्च वांटून घेऊन एकत्र जेवणें, व त्यासाठीं भरलेला वांटा, हा दुसरा. दोहोंच्या मुळाशीं वांटा व पाळी हीच कल्पना आहे. दिंडींत चालणारा वारकरी आपल्या जेवणाखाण्यासाठीं जी रक्कम प्रमुखाकडे भरतो तीस भिशीच म्हणतात. सामानाची गाडी पुढें जाते, मुक्कामीं चुली पेटतात आणि विणेकरी व टाळकरी पोंचतात तों स्वयंपाक तयार असतो. येथें घरची शिदोरी नाहीं कीं गांवची भाकरी नाहीं. नगद वांटा आहे. नाणें सर्वांचें सारखें. म्हणून पंक्तहि सारखीच असणार, असें वाटणें साहजिक आहे.

तें तसें नव्हतें, याची साक्ष इरावती कर्वे यांनीं देऊन ठेविली आहे. 'वाटचाल' या लेखांत त्यांनीं पालखीबरोबरचा आपला प्रवास वर्णिला. त्याचें इंग्रजी रूपांतर १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या दिंडींत ब्राह्मण व मराठा अशा दोन्ही मंडळी होत्या. अभंग एक, वाट एक, पण जेवणें निराळीं. बाईंना हें सलत राहिलें व त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हां त्या बायका त्यांच्याशीं अधिक मोकळेपणानें वागूं लागल्या. समाजशास्त्रज्ञाच्या या एका नोंदींत जें सांपडतें, तें शंभर स्तुतिपर वर्णनांत सांपडत नाहीं. कारण तिनें चूल मोजली, पंक्त मोजली.

(५)

पंक्तीच्या नोंदीस केवढें बळ असे, हें सोलापुराबाहेरच्या दोन गोष्टींवरून कळेल. मुंबईंत १८४९ सालीं दादोबा पांडुरंगादि सुशिक्षितांनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद न मानणाऱ्या या गुप्त मंडळींत इतरांच्या हातचें अन्न खाणें ही दीक्षेचीच खूण होती. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांचीं नांवें फुटण्याचें भय पडलें आणि सभा मोडली. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठितांनीं चहा घेतला; गोपाळराव जोशी यांनीं त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं. टिळक व रानडे हेहि त्या यादींत होते. पुढें शंकराचार्यांपर्यंत प्रकरण जाऊन ग्रामण्य माजलें. दोन्ही ठिकाणीं घोटभर पेयानें किंवा पावाच्या तुकड्यानें जें झालें नाहीं, तें नांवांच्या यादीनें झालें.

याच्या उलट बाजूचे कागद संग्राहकांच्या परिचयाचे आहेत. जातीबाहेर पडलेल्यास प्रायश्चित्त देऊन पुन्हां पंक्तीस घेतल्याचे निवाडे जुन्या दफ्तरांत आढळतात. तेथें शेवटचा शिक्का पुष्कळदां भोजनाचाच असतो. सर्वांनीं पंक्तीस बसून अन्न घेतलें म्हणजे निकाल पुरा झाला. त्या काळच्या न्यायपद्धतीनें पंक्तीस पुराव्याची योग्यता दिली होती. ती आपण इतिहासलेखनांत नाकारावी हें बरें नव्हे.

(६)

एवढ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. वर्गणीचें भोजन म्हणजे आपोआप समतेचें भोजन नव्हे. काल्यांत अन्न एक झालें, पाळींत यजमानपद फिरलें, भिशींत वांटा सारखा झाला. परंतु या तिहींपैकीं एकानेंहि बैठक एक होण्याची हमी दिली नाहीं. बैठक जेथें एक झाली, तेथें ती कोणीतरी जाणून केली. ती केव्हां व कोठें झाली, हें ठरविण्याचें साधन म्हणजे तिथि, ठिकाण, नांवें, वांटा व चूल यांची समकालीन नोंद.

अशा नोंदी दिंडीप्रमुखांच्या ट्रंकांत, फडांच्या मठांत, देवळांच्या कोठींत व सप्ताह मंडळींच्या कपाटांत पडून आहेत. कागद हलका, शाई फिकी, मजकूर डाळ-तांदळाचा. म्हणून घर आवरतांना प्रथम त्याच बाहेर जातात. पोथी वांचविणारे हात त्यांना वांचवीत नाहींत. वाचकांस आमची विनंति आहे कीं, अशी वही हातीं आल्यास तिचें पान न् पान राखावें. आंकडे निरर्थक वाटले तरी गाळूं नयेत. एकाच दिवशीं दोन चुलींचा खर्च निराळा लिहिला असल्यास ती जागा अवश्य टिपावी. आणि एखाद्या सालापासून दोन चुलींची एक झालेली दिसली, तर तें पान सनदेइतकें मोलाचें समजावें. कारण त्या सालीं त्या गांवीं कोणीतरी उठून दुसऱ्याच्या शेजारीं जाऊन बसलें होतें. आणि त्याला त्या पानावांचून दुसरा साक्षीदार नाहीं.