निस्तार आणि नकाशा : हुडकेश्वरच्या मोकळ्या जागेचा इतिहास

शहराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा जे बांधले गेले त्याचीच नोंद घेतो. किल्ले, वाडे, गिरण्या, पूल, रस्ते यांची वर्षे आपल्याला ठाऊक असतात. परंतु जे मुद्दाम बांधले नाही, सर्वांसाठी मोकळे ठेवले, त्यालाही इतिहास असतो. ती जागा कोणी ठेवली, कोणत्या कागदावर तिची नोंद झाली आणि कोणत्या टप्प्यावर ती नोंद गळून पडली, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. नागपूरच्या दक्षिण अंगाला असलेल्या हुडकेश्वरच्या निमित्ताने ते येथे विचारायचे आहेत. मुलांना खेळायला मैदान, जवळच चार दुकाने आणि पायी चालता येईल असा रस्ता, एवढीच कोणत्याही वस्तीची मागणी असते. ही मागणी आधुनिक आहे, परदेशी नगररचनेच्या पुस्तकांतून आली आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात ती या प्रदेशातील खेड्यालाही ठाऊक होती आणि त्याने ती कागदावर लिहूनही ठेवली होती.

हुडकेश्वर हे मुळात खेडे. बुद्रुक आणि खुर्द अशा त्याच्या दोन जोडनावांत फारसी महसुली भाषेने ठेवलेला थोरला-धाकटा हा भेद अजून टिकून आहे. मानेवाड्याकडून जाणाऱ्या रिंगरोडच्या बाहेर, उमरेड मार्ग आणि बेसा-पिपळा यांच्या दरम्यानचा हा काळ्या मातीचा पट्टा. २०१३ मध्ये हुडकेश्वर व नरसाळा ही गावे नागपूर महानगरपालिकेत समाविष्ट झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हुडकेश्वर शहर झाले ते अगदी अलीकडे. वस्ती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शहरासारखी वाढू लागली होती. गाव संपले आणि शहर अजून सुरू झाले नाही, अशा मधल्या काळात तिचा बराच भाग उभा राहिला. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या मधल्या काळात आहे.

त्याआधीची व्यवस्था पाहू. नागपूर-भंडारा-चांदा या पूर्व विदर्भाच्या मुलखात 'निस्तार' हा शब्द आजही महसूल कार्यालयात आणि खेड्यात ऐकू येतो. संस्कृतात निस्तार म्हणजे तरून जाणे, पार पडणे. येथील बोलीत त्याला नित्याची गरज भागणे असा अर्थ आला. गुरांना चराई, चुलीला सरपण, घराला माती-मुरूम, पाण्याला तळे, बैलगाडीला पांधण, हा सारा गावाचा निस्तार. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात जमिनीची बंदोबस्ते झाली, तेव्हा मालगुजाराची मालकी मान्य करतानाच गावकऱ्यांचे रूढ हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहून घेण्यात आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण ही कल्पना गेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोहोंना स्थान मिळाले. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीचा उपयोग कसा करायचा, हे निस्तारपत्रकाने सांगावे. पाण्याचे, मासेमारीचे आणि वाटेच्या वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्जाने नोंदवावेत, अशी ही विभागणी आहे. वाटेचा हक्कही नोंदण्याजोगा मानला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच संहितेने जिल्हाधिकाऱ्याला गावठाण, चराई, खळवाडी, दहनभूमी, बाजार, रस्ते यांसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार दिला आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गावाची सामाईक जागा सर्वांना सारखी सामाईक नव्हती. पाणवठा, पार, देवळासमोरची मोकळी जागा यांवर जातीचा पहारा होता. निस्ताराच्या हक्कांवर मालगुजाराच्या मर्जीची सावली होती. गावाबाहेरच्या वस्तीला मिळणारी वाट बहुधा सर्वांत अरुंद असे. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. गावाच्या कागदात माणसाच्या नावावर नसलेल्या जमिनीसाठी एक रकाना होता आणि ती कोणाच्या, कशाच्या उपयोगाची, हे त्यात लिहिलेले असे. त्या नोंदीत अन्याय असेल, तर नोंद बदलून घेण्यासाठी भांडता येत होते. नोंदच नसली तर भांडण कशावर उभे करायचे?

आता शहराकडे वळू. गोंड राजा बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले आणि पुढे भोसल्यांनी राजधानी केलेले नागपूर आपल्या बाजारांची आणि बागांची आठवण नावांतून जपून आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही नावे ओळीने उच्चारली, तर आठवड्यातले जवळजवळ सगळेच वार शहरात पसरलेले दिसतात. बाजार वाराने भरतो, वस्तीला वाराचे नाव पडते, आणि पुढे तिथे कायमची दुकाने येतात. अशा तऱ्हेने शहराचा व्यापार एका जागी न साचता निरनिराळ्या वस्त्यांत विखुरला गेला. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव येथील बागा आणि तळी भोसल्यांच्या काळाची. त्यांतील बहुतेक राजघराण्याच्या विलासासाठी होती हे खरे, पण पुढे त्यांतील काही लोकांच्या झाल्या.

इंग्रजी अमदानीच्या उत्तरार्धात पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत हिंदुस्थानात आला. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा तो पहिला प्राध्यापक. हिंदुस्थानातील अनेक शहरांसाठी त्याने अहवाल लिहिले, त्यांत नागपूर नगरपालिकेसाठी लिहिलेला १९१७ चा अहवालही आहे. त्याची पद्धत थोडक्यात अशी सांगता येईल : आधी वस्ती पायी हिंडून पाहावी, मग रोगाचे निदान करावे आणि मगच हाती कात्री घ्यावी, तीही बेताने. सरळ रुंद रस्त्याच्या हट्टापायी घरे पाडण्यापेक्षा पडीक कोपरे मोकळे करावेत, झाडे लावावीत, तळी बुजवण्याऐवजी स्वच्छ ठेवावीत, असा त्याचा आग्रह असे. वस्तीत शतकभर वापरात असलेली पायवाट हा त्याच्या लेखी पुरावा होता. ज्याला गाव वहिवाट म्हणते, तिला त्याने नगररचनेत मान दिला.

पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. त्याने शेतजमिनी ताब्यात घेऊन आखलेले ले-आउट पाडले, रस्त्यांच्या योजना केल्या. जुन्या वस्तीतून सेंट्रल अव्हेन्यू काढला. प्रन्यासाच्या कारभारावर पुष्कळ टीका झाली आहे आणि तीत तथ्यही आहे. पण आखलेल्या ले-आउटमध्ये एक शिस्त होती. रस्ता, नाली, शाळा आणि मैदान यांची जागा आधी ठरे, भूखंड नंतर विकले जात. नागपूरच्या जुन्या ले-आउटांत संध्याकाळी जी मैदाने भरलेली दिसतात, ती या क्रमाची देणगी आहेत.

मोकळी जागा म्हणजे केवळ खेळण्याची सोय, असेही समजू नये. नागपूरचे सार्वजनिक जीवन मैदानांवर घडले आहे. १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाच्या आठवणीने एका वस्तीला काँग्रेसनगर हे नाव मिळाले. कस्तुरचंद पार्क आणि चिटणीस पार्क यांनी कित्येक पिढ्यांच्या सभा ऐकल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तीही मोकळ्या मैदानावर. गावाच्या पारावर ज्यांना बसू दिले जात नव्हते, त्यांचा इतिहास शहराच्या मैदानाने बदलला. खेड्यातल्या सामाईक जागेने जे दिले नव्हते, ते शहराची सार्वजनिक जागा देऊ शकली. म्हणूनच ज्या वस्तीत चारशे माणसे एकत्र बसतील एवढीही जागा नाही, त्या वस्तीचे नागरिकत्व अपुरे राहते.

असे खेड्याजवळ निस्तारपत्रक होते, शहराजवळ आखलेला ले-आउट होता. १९६६ या एकाच वर्षाचे दोन कायदे या दोन जगांचे राखणदार होते : खेड्यासाठी जमीन महसूल संहिता, शहरासाठी प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. हुडकेश्वरसारखी गावे या दोघांच्या सीमेवर वाढली. शेतकऱ्याने शेत विकले, कोणी व्यक्तीने वा गृहनिर्माण संस्थेने त्याचे भूखंड पाडले, नोकरदाराने वा कारागिराने आयुष्याची बचत घालून दीड हजार चौरस फूट घेतले. यांतल्या प्रत्येकाची गरज खरी होती. शहरात आखलेला भूखंड त्यांच्या ऐपतीबाहेर गेला होता. परंतु प्रत्येक शेताचा ले-आउट स्वतंत्र निघाला. शेताचा धुरा हीच वस्तीची सीमा झाली. या ले-आउटचा रस्ता धुऱ्यापाशी संपला, शेजारचा त्याच्यापासून चार हात बाजूला सुरू झाला. दोन बैलगाड्या जेमतेम जातील एवढ्या पांधणीवर शेकडो घरांच्या वाहनांचा भार पडला. कागदावर दाखवलेली 'ओपन स्पेस' अनेक ठिकाणी मंजुरीविना कागदावरच राहिली, आणि जिला कोणी विचारणारे नव्हते ती शेवटचा भूखंड म्हणून विकली जाण्याचा धोका कायम राहिला.

अशा वसाहतींना कायद्याच्या कक्षेत घेण्यासाठी २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांना तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नागपूरकरांच्या बोलण्यात '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे आकडे विशेषनामासारखे रुळले, ते याच नियमितीकरणाच्या निमित्ताने. या कायद्याने लाखो घरांवरची टांगती तलवार काढली, हे उपकारच. पण त्यात घर आधी आणि नकाशा नंतर असा क्रम गृहीत धरलेला आहे. विकासशुल्काच्या पैशातून रस्ता, नाली, जलवाहिनी यांची कामे होऊ शकतात. मैदान मात्र आधी ठेवावे लागते. घरे उभी राहिल्यावर ते बांधता येत नाही.

मग आज काय करता येईल? जमीन उरली नाही, हे पहिले उत्तर अर्धे खरे आहे. नाल्याचा काठ, जुनी पांधण, गावठाणाचा आखर, तळ्याची पाळ, शाळेचे आवार, नियमित झालेल्या ले-आउटमधील उरलेल्या मोकळ्या जागा, हे सगळे अजून जमिनीवर कुठे ना कुठे आहे. ते एका यादीत नाही, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची निःसंदिग्ध भूमिका घेतली. गाव महापालिकेत गेले म्हणून त्या निर्णयामागचे तत्त्व निरर्थक होत नाही.

दुकानांचेही तसेच. घराच्या पुढच्या खोलीतले डेली नीड्स, चौकातला पानठेला, सकाळी तर्री-पोह्यांची आणि संध्याकाळी भाजीची गाडी, हेच अशा वस्तीचे खरे बाजारपेठी जीवन. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. विक्रेत्यांची गणना करावी, त्यांच्यासाठी जागा आखाव्यात आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत, असे तो सांगतो. ज्या शहराने आपल्या पेठांना बाजाराच्या वारांची नावे दिली, त्याला आठवडी बाजारासाठी नवीन वस्तीत जागा राखणे अपरिचित वाटू नये. जागा आखली नाही तर बाजार थांबत नाही. तो रस्त्यावर येतो, आणि मग विक्रेता व पादचारी यांच्यात नाहक भांडण लागते.

राहिले चालणे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागातील पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट हवी. समोरासमोरून येणारी दोन माणसे अंग न चोरता जातील, एवढाच तिचा अर्थ. नागपुरात त्यात सावलीची भर घालावी लागेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना झाडाविना पदपथ हा निरुपयोगी खर्च आहे. कडुनिंब, करंज, शिरीष यांची रांग हा येथे शोभेचा विषय नाही. आणि जिथे पदपथाला जागाच नाही, तिथे दोन धुऱ्यांमधली बंद झालेली वाट पादचाऱ्यांपुरती उघडली, तरी शाळेचा फेरा निम्म्यावर येऊ शकतो.

या सगळ्यासाठी पहिले पाऊल खर्चाचे नाही. प्रत्येक प्रभागाने आपले नवे निस्तारपत्रक लिहावे. मोकळी जागा, वाट, नाला, झाड, बाजाराची जागा यांची यादी करावी, ती सातबारा वा आखीव पत्रिकेशी ताडून पाहावी, जिथे सार्वजनिक नाव लागलेले नाही तिथे ते लावून घ्यावे आणि मग ती यादी चौकात सर्वांना वाचता येईल अशी लावावी. यात जुन्या गावाचा दोष परत येऊ द्यायचा नाही. यादी करणाऱ्यांत भाडेकरू असावेत, विक्रेते असावेत, स्त्रिया असाव्यात आणि गावठाणाच्या कडेच्या वस्तीतले लोकही असावेत. विकास आराखड्यावर हरकती घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ज्या वस्तीजवळ अशी यादी तयार असेल, तिलाच त्या दिवसांचा उपयोग होतो.

हुडकेश्वरची पुढची पिढी पांधण, आखर, धुरा हे शब्द विसरेल, आणि त्याचे फार दुःख करण्याचेही कारण नाही. शब्द जुने होतात. परंतु त्या शब्दांनी ज्या जागा राखल्या होत्या, त्यांना नवीन कागदावर नाव मिळण्याआधीच ते विसरले गेले, तर त्या जागाही त्यांच्याबरोबर जातील. काही गेल्याच आहेत. उरलेल्या अजून मोजता येतात, तोवर त्या मोजून घेतल्या पाहिजेत.